थोडी गळती

एप्रिल लागला की माझा फोन थांबत नाही.
गोळीबार चौकापासून मनीषनगरपर्यंत
लोकांच्या गच्च्यांवर मी असतो,
गंजलेल्या टपात कोपरापर्यंत हात घालून.
मागल्या उन्हाळ्याचा गाळ, सुकलेला सरडा,
कुण्या पोराचा हरवलेला कंचा,
सगळं निघतं.

आजोबा हातमागावर लुगडी विणायचे.
मी वाळ्याच्या ताट्या बांधतो.
आम्हा कोष्ट्यांच्या घरात धागा तुटला नाही,
फक्त जाड झाला.

परवा पाचव्या मजल्यावर
कुंभलकर मॅडम म्हणाल्या,
कूलर सुरू केला की माश्या येतात,
काहीतरी फवारून द्या.
जाऊन पाहिलं.
डाव्या ताटीच्या खालच्या कोपऱ्यात,
जिथे पाणी वाट चुकून पत्र्यावर उतरतं,
तिथे वीस-पंचवीस जणी,
डोकं खाली, बूड वर.
कोणी कोणाला ढकलत नव्हतं.
पिऊन झालं तरी पीत होत्या.
मग कळलं, पीत नाहीत,
भरून घेताहेत.

मान वर केली.
टाकीच्या स्लॅबला आग्याचं मोहोळ,
सुपाहून मोठं, काळं,
आणि अंगावरून शहारे जावेत तशा
त्याच्यावरून लाटा जात होत्या.

सेहेचाळीस होतं त्या दिवशी.
पाना जमिनीवर ठेवला तर उचलवत नव्हता.
आणि या बाया पाणी वाहत होत्या,
पोळ्यावर थेंब थेंब पसरत होत्या,
बाकीच्या जागच्या जागी उभ्या राहून पंख मारत होत्या.
ओल. वारा. गारवा.
दुसरं काय असतं कूलरमध्ये?
तीस वर्षं झाली,
मी स्वतःला मिस्त्री म्हणवतो.

माझा साळा काटोलकडे राहतो, संत्र्याचं बगीचं आहे.
त्यानं सांगितलं होतं,
आतल्या पिल्लांना पस्तीसच्या वर झेपत नाही.
आंबिया बहाराला फवारायची वेळ आलीच
तर तो दिवस बुडेपर्यंत थांबतो.
"त्यांची ड्युटी संपू दे ना, भाऊ."
तेव्हा मी हसलो होतो.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, ठवकर.
म्हणाले, आज रात्री माणूस बोलावला आहे,
टेंभा लावून देतो, सातशे रुपयांत काम.
मला भाषण येत नाही.
मी म्हटलं, साहेब, स्लॅबखालून पाईप गेला आहे,
प्लास्टिकचा,
आग लावाल तर वितळेल,
तिन्ही विंगचं पाणी बंद,
ऐन मे महिन्यात.
ठवकर थोडा वेळ पाईपाकडे पाहत राहिले.
मग फोन काढून त्या माणसाला नको म्हणाले.

त्यांना माशी पटली नाही.
पाईप पटला.
चालते.
मी म्हटलं, दिवाळीपर्यंत वाट पाहा,
फुलं जिकडे, तिकडे त्या आपोआप जातील.
हे खरं की नाही, मला नक्की ठाऊक नव्हतं.

कूलरचं बिल केलं.
पंप साडेतीनशे, ताट्या सहाशे, मजुरी वेगळी.
मॅडमनी बटण दाबलं, वारा आला,
पडदा फुगला, त्या खूश.
मग वाकून म्हणाल्या,
डाव्या कोपऱ्यातली गळती राहिली हो.
राहिली जी, म्हटलं.
ती बिलात धरली नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे.
एक माशी उडाली, जड,
विमान उठावं तशी तिरपी,
आणि तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली.
फवारणीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

खाली उतरताना माझी बांबूची शिडी खांद्यावर.
तिच्या तिसऱ्या पायरीत एक गोल भोक आहे,
गिरमिटानं पाडावं तसं साफ.
आत काळा भुंगा राहतो, निळ्या पंखांचा.
होळीपासून पाऊस लागेपर्यंत
मी त्या पायरीवर पाय देत नाही,
दुसरीवरून थेट चौथी.
गिऱ्हाइकांना वाटतं, मिस्त्रीचा गुडघा दुखतो.

दुखतोही थोडा.